पायाखालचा गार वारा: वाचकांचे प्रश्न

इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली की मला येणारी पत्रं बदलतात. उन्हाळ्यात सगळे पॅटिओ आणि कुंपणाबद्दल विचारतात आणि नोव्हेंबर उजाडला की एकच तक्रार, हीटिंग चालू आहे, बिल येतंय, पण घर काही गरम होत नाही. या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांनी वाऱ्याबद्दल लिहिलंय, म्हणजे जमिनीतून, पाइपांच्या कडेनं, सिंकखालून जो गार झोत येतो ना तो, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न (लेस्टर): नमस्कार दादा, आम्ही दीड वर्षापूर्वी इथे जुनं टेरेस घर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं, घेतलं, १८९० च्या आसपासचं आहे. पहिल्या हिवाळ्यातच कुडकुडलो, म्हणून उन्हाळ्यात लॉफ्टमध्ये (छताखालच्या पोटमाळ्यात) नवीन इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरणारा थर, टाकून घेतलं, डबल ग्लेझिंग (दुहेरी काचेच्या खिडक्या) आधीपासून आहेच. तरी खालच्या खोलीत पाय गार पडतात. सप्टेंबरमध्ये सांगलीहून सासूबाई आल्यात, त्यांनी बंद फायरप्लेसच्या बाजूच्या कोनाड्यात देव मांडलेत आणि त्या म्हणतात निरांजनाची ज्योत सारखी एका बाजूला झुकते, दोनदा तर विझली, दारं-खिडक्या सगळं बंद असताना. त्या खाली पाटावर बसतात त्यामुळे त्यांना वारा जास्त लागतो. फळ्या उघड्याच आहेत, आधीच्या मालकांनी पॉलिश करून ठेवलेल्या. बाहेरच्या भिंतीत खाली जाळीच्या विटा आहेत, त्या बुजवल्या तर काम होईल का? एक माणूस घराखाली सगळीकडे स्प्रे फोम मारून देतो म्हणतोय, एका दिवसात काम होईल म्हणे. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या जाळीच्या विटांचं बोलतो, कारण ते चुकलं तर बाकी काहीही करून उपयोग नाही. त्या बुजवू नका. सिमेंटने नाही, फोमने नाही, हिवाळ्यापुरते चिंध्यांचे बोळे कोंबूनसुद्धा नाही. तुमच्या घराची जमीन लाकडी आहे, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत वासे टाकलेत, इथे त्यांना जॉइस्ट म्हणतात, त्यावर फळ्या ठोकल्यात आणि खाली मोकळी पोकळी आहे. त्या पोकळीत मातीतली ओल सतत वर येत असते आणि ती वाहून न्यायलाच पुढच्या-मागच्या भिंतीत त्या एअरब्रिक ठेवलेल्या असतात, एकीकडून वारा शिरतो दुसरीकडून निघतो. तो मार्ग बंद झाला की लाकूड ओल धरायला लागतं आणि लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी घर करते. मी एका घरात गेलो होतो, तिथे कोणीतरी अंगणात नवीन फरशी टाकताना ती एअरब्रिकच्या वर घेतली होती, सगळ्या जाळ्या मातीखाली. खोलीत खिडकीजवळ पाऊल ठेवलं की जमीन दबायची. दोन फळ्या उचलल्या, वाशाच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला तर मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं ते लाकूड. त्या जोडप्याला पाच वासे बदलावे लागले. म्हणून सांगतो, उलट तुमच्या विटांसमोर माती, पानं, कुंड्या काही साचलं असेल तर आजच मोकळं करा.

म्हणजे पोकळीत वारा हवाच, खोलीत नको. दोघांच्या मध्ये जो पडदा आहे, फळ्यांचा आणि स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाशी जमिनीलगत लावलेली पट्टी), तो हवाबंद करायचा. तुमचं काम एवढंच आहे.

आता तुमच्या सासूबाईंनी निम्मं काम आधीच केलंय. ज्योत कुठल्या बाजूला झुकते ते नीट बघा. चिमणीकडे झुकत असेल तर बंद फायरप्लेस हवा ओढतेय, खोलीच्या मध्याकडे झुकत असेल तर मागच्या स्कर्टिंगखालून वारा आत येतोय. मग एखाद्या वादळी दिवशी दारं-खिडक्या घट्ट लावा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा हवा बाहेर टाकणारा पंखा चालू करा म्हणजे घर बाहेरची हवा आत ओढायला लागतं, आणि एक उदबत्ती घेऊन सगळ्या घरात भिंतीकडेनं फिरा, जमिनीपासून दोन बोटं वर धरून, अगदी हळू. धूर सरळ वर जात असतो तो एका ठिकाणी मोडतो आणि आडवा पळतो. तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पुढे जा. व्यावसायिक लोक हेच काम दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाबाला करतात, त्याला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात, पण घरच्या घरी फटी शोधायला उदबत्तीइतकं चांगलं साधन मी तरी बघितलेलं नाही. फक्त घरात लाकडाची शेगडी किंवा जुनी गॅस फायर (गॅसवर जळणारी शेकोटी) पेटलेली असताना पंखे लावून हे करू नका, तिचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो.

फिरताना लोकं फळ्यांच्या फटींकडेच बघतात कारण त्या डोळ्यांना दिसतात. माझा अनुभव असा की खरी भगदाडं दिसत नाहीत तिथे असतात, म्हणजे जिथे जिथे पाइप जमिनीतून किंवा भिंतीतून जातो तिथे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तुमच्या घरात किती प्लंबर येऊन गेले असतील बघा, प्रत्येकाने आपल्या पाइपासाठी भोक पाडलं आणि जुनं भोक तसंच ठेवलं. स्वयंपाकघरात कपाटांच्या खाली जी लांब फळी असते, प्लिंथ, ती हाताने ओढली की क्लिपमधून सुटते, ती काढा आणि पोटावर झोपून टॉर्च मारा. सिंकचा ४० मिलिमीटरचा पाइप आणि त्याच्याभोवती हाताने फोडलेलं वाटीएवढं भोक, शेजारी वॉशिंग मशीनची नळी, आणि तिसरं भोक ज्यातून आता काहीच जात नाही, हे दृश्य मी इतक्या घरांत बघितलंय की आता कपाट बघूनच सांगता येतं. मग बाथरूम. बाथटबचं पुढचं पॅनल काढा. एका घरात मी पॅनल काढलं, आत वाकलो, टॉर्च बंद केला आणि समोर बाहेरचा दिवस दिसला, पाइपाच्या कडेनं चंद्रकोरीएवढा उजेड. त्या घरातली लहान मुलगी आंघोळीला रडायची म्हणे, पाणी गरम असूनही. ते एक भोक बुजवायला वीस मिनिटं लागली.

आणि टॉयलेटच्या मागे जो मोठा ११० मिलिमीटरचा सॉइल पाइप (मैला वाहून नेणारा) पेटीत झाकलेला असतो ना, ती पेटी जरूर उघडा. बऱ्याच घरांत ती खालच्या पोकळीपासून थेट लॉफ्टपर्यंत मोकळी असते. गरम हवा वर चढते, लॉफ्टमधून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा ओढली जाते, म्हणजे ती पेटी चोवीस तास चालणारी चिमणीच असते. जमिनीच्या पातळीला आणि वरच्या छताच्या पातळीला, दोन्हीकडे बंद करायची. तुम्ही लॉफ्टमध्ये इन्सुलेशन टाकलंत ते चांगलंच केलंत, पण तिथली पाइपांची भोकं आणि लॉफ्टच्या झाकणाची कड उघडी असेल तर खालून ओढणं चालूच राहणार, म्हणून झाकणाला फोमची पट्टी लावा आणि इन्सुलेशन बाजूला सारून पाइपांभोवतीची भोकं बुजवा.

कशाने बुजवायचं? मोठं भोक असेल तर एक्सपांडिंग फोमचा डबा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण कातडीला लागला की कित्येक दिवस निघत नाही, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस, मेणबत्ती, निरांजन काही पेटलेलं नको कारण डब्यातला वायू पेट घेतो. भोकाच्या कडा आधी पाण्याने किंचित ओल्या करा, हा फोम ओलाव्यानेच घट्ट होतो, आणि भोक अर्धंच भरा, बाकीचं तो फुगून भरतो. बाहेरच्या बाजूला फोम उघडा ठेवू नका, उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, बाहेरून मॉर्टर किंवा सीलंट (फटी बुजवायची पेस्ट) मारा. बोटाएवढी फट असेल तर आधी फोमची दोरी किंवा मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) कोंबा आणि वरून सीलंट. रॅडिएटरचे (भिंतीवरच्या गरम पाण्याच्या हीटरचे) पाइप जिथे फळीतून वर येतात तिथे फोम नको, तांब्याचा पाइप गरम झाला की लांबतो आणि लाकडाला घट्ट चिकटला असेल तर रात्रभर टिकटिक करतो, तिथे पाइपाभोवती पातळ फेल्ट गुंडाळा आणि वर लवचिक सीलंटची रेघ ओढा. त्या पाइपांवर पांढऱ्या गोल चकत्या बसवलेल्या असतात त्यावर विश्वास ठेवू नका, त्या फक्त भोक झाकतात, वारा अडवत नाहीत.

दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. गॅसचा पाइप भिंतीतून जातो तो एका मोठ्या नळीतून नेलेला असतो आणि त्या नळीचं बाहेरचं तोंड मुद्दाम उघडं असतं, गळती झाली तर गॅस घरात न येता बाहेर जावा म्हणून. ते तोंड बंद केलंत तर तो भिंतीतून घरात येईल. बॉयलरच्या धुराड्याभोवती काही सैल वाटलं तरी गॅस सेफवर, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंदणी असलेल्या माणसालाच बोलवा. आणि विजेच्या वायरी फोममध्ये पुरू नका, त्यांना थंड राहायला हवा लागते.

स्कर्टिंगखालची फट हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फायद्याचा भाग. लवचिक अॅक्रिलिक सीलंटची ३०० मिलिलीटरची ट्यूब सहा मिलिमीटरच्या फटीला साधारण आठ मीटर पुरते, म्हणजे मध्यम खोलीला दोन ट्यूब. फळ्यांमधल्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. लाकूड हिवाळ्यात हीटिंगमुळे आक्रसतं, उन्हाळ्यात फुगतं, दोन हंगामांत ती लांबी तडकून व्हॅक्यूममध्ये जाते. त्याऐवजी व्ही आकाराची प्लास्टिकची पट्टी मिळते ती दाबून बसवायची, फळी हलते तशी तीही उघडते-मिटते आणि वरून दिसतही नाही. फारच रुंद फट असेल तर लाकडाची बारीक चिपाटी एका बाजूला गोंद लावून बसवा, दोन्ही बाजूंना गोंद लावला तर फळी दुसरीकडे फाटेल.

एक धोक्याचं सांगतो. जुन्या पाइपांवर राखाडी-पांढरं प्लास्टरसारखं काही गुंडाळलेलं दिसलं किंवा स्वयंपाकघरात जुन्या कडक टाइल्स चिकटवलेल्या असतील तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. या देशात त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या कुठल्याही घरात निघू शकतं. खरवडू नका, तोडू नका, तपासून घ्या.

फायरप्लेस वापरत नसाल तर चिमणीत लोकरीचा जाड बोळा मिळतो तो बसवा, त्यातून थोडीशी हवा जाते तेवढी चिमणी कोरडी राहायला लागतेच, आणि बाहेर लाल फीत बांधून ठेवा म्हणजे कोणी चुकून पेटवणार नाही.

आणि तो स्प्रे फोमवाला. नको. लाकडावर फोम फवारला की आतलं लाकूड परत कधी बघता येत नाही, ओल आली तरी कळत नाही, छतांना असा फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला इथल्या बऱ्याच बँका तयार नसतात आणि तो काढायला मारण्यापेक्षा जास्त खर्च येतो. एका दिवसात काम होतं हे खरं असेलही, पण तुम्हाला त्या घरात वीस वर्षं राहायचंय.

प्रश्न (रेडिंग): मी स्वतः हौशीने दोन खोल्यांच्या फळ्या उचलून वाशांच्या मध्ये मिनरल वूल भरलं, खाली जाळी ताणून, सगळं व्यवस्थित, आठ सुट्ट्या गेल्या. फळ्या परत ठोकल्या. फरक पडला पण जेवढा वाटला होता तेवढा नाही, वारा सुटला की खोली परत गार. काय चुकलं?

उत्तर: तुमची मेहनत वाया गेलेली नाही, एक थर राहून गेलाय. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात स्कूटर चालवली असेल तर आठवा, कितीही जाड स्वेटर घातला तरी वारा आरपार जातो, आणि छातीवर आतून एक वर्तमानपत्र घातलं की लगेच ऊब धरते. वर्तमानपत्र काही गरम नसतं, ते वारा अडवतं, आणि वारा अडला की मग स्वेटर त्याचं काम करतो. तुम्ही स्वेटर घातलात, वर्तमानपत्र राहिलं. मिनरल वूल ऊब धरतं ते त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे, तीच हवा खालच्या वाऱ्याने हलायला लागली की त्यात काही राहत नाही.

म्हणून वाशांच्या वर, फळ्यांच्या खाली एक हवाबंद मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, अंथरायचा असतो, खोलीच्या चारही बाजूंना भिंतीवर थोडा वर घेऊन टेपने चिकटवायचा आणि स्कर्टिंगमागे लपवायचा. साधं प्लास्टिक नको, ओल कोंडते, वाफ थोडी जाऊ देणारा जो मिळतो तो घ्या. आणि जिथे जिथे पाइप त्यातून वर येतो तिथे रबराची चकती किंवा टेप लावायची, कारण सगळा मेम्ब्रेन नीट केला आणि रॅडिएटरच्या दोन पाइपांभोवती तसंच ठेवलं तर वारा नेमका तिथूनच येणार. आता परत फळ्या उचलायचं मन नसेल तर वरून तरी हे करा, स्कर्टिंगची फट, फळ्यांच्या फटी, पाइप, आणि त्यावर दाट विणीचं अंडरले (कार्पेटखालचा थर) घालून कार्पेट. मेम्ब्रेनइतकं नाही पण बराच फरक पडेल.

अजून एक, आणि हे तातडीचं आहे. तुम्ही जमिनीला इन्सुलेशन केलंत म्हणजे खोलीतली उष्णता आता पोकळीत झिरपत नाही, म्हणजे पोकळी आधीपेक्षा जास्त थंड झालीय. तिथून जाणारे पाण्याचे पाइप इन्सुलेशनच्या खालच्या बाजूला राहिले असतील तर कडाक्याच्या थंडीत ते गोठून फुटू शकतात. फळ्या ठोकण्याआधी त्यांना लॅगिंग केलं होतं का, म्हणजे उबेचं आवरण गुंडाळलं होतं का? नसेल तर पाइपाच्या मार्गावरच्या दोन-तीन फळ्या उचलून करून घ्या, कोपऱ्यात आणि वळणावर सुद्धा, लोकं नेमकी वळणं सोडतात. लॉफ्टमध्येही हाच नियम, तिथे पाण्याची टाकी असेल तर टाकीच्या बरोबर खाली इन्सुलेशन घालायचं नाही, खालची ऊब तिला मिळू द्यायची.

पुढच्या दोन खोल्या माणूस लावून करणार असाल तर लक्षात ठेवा की इन्सुलेशन आणि ड्राफ्ट स्ट्रिपिंग (वारा अडवायच्या पट्ट्या) बसवून घेतलं तर १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर व्हॅट शून्य आहे. सामान स्वतः दुकानातून आणलं तर मात्र नेहमीचा २० टक्के.

प्रश्न (हॅरो): आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. बाथरूममध्ये पाइपांची जी उभी पेटी आहे तिथून गार हवा येतेच, शिवाय खालच्यांचा सिगारेटचा वास येतो. फोम मारून बंद करू का?

उत्तर: बंद करायचंच आहे, पण साधा फोम मारू नका. दोन फ्लॅटच्या मधली जमीन ही आग अडवायला असते, खाली आग लागली तर तुम्हाला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून, आणि पाइपांच्या भोकातून वास येतोय याचा अर्थ धूरही येईल. प्लास्टिकचा पाइप आगीत वितळून जातो आणि तिथे मोकळं भोक राहतं, म्हणून त्याच्याभोवती एक पट्टा बसवतात जो उष्णतेने फुगतो आणि भोक दाबून बंद करतो. डब्यावर फायर रेटेड (आगीला टिकणारा) लिहिलेला फोम मिळतो तो सुद्धा प्रत्येक ठिकाणी चालतोच असं नाही. हे काम इमारतीच्या मॅनेजमेंटचं आहे, त्यांना लेखी कळवा, फोटो पाठवा, आणि पत्रात वासापेक्षा आगीचा मुद्दा आधी लिहा. उत्तर नाही आलं तर परत लिहा. ही सोडून देण्यासारखी गोष्ट नाहीये.

प्रश्न (बर्मिंगहॅम): तुमच्या मागच्या एका उत्तरावरून आम्ही गेल्या वर्षी सगळं घर बंद केलं, फटी, पाइप, लेटरबॉक्स, सगळं. घर खरंच गरम राहतं. पण आता सकाळी खिडक्यांवर पाणी ओघळतं आणि मुलांच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आलीय. आगीतून फुफाट्यात पडलो का?

उत्तर: नाही पडलात, पण मी त्या वेळी ही बाजू पुरेशी ठासून लिहिली नाही, ती चूक माझी, म्हणून आता सविस्तर लिहितो. आधी तुमच्या घरातली वाफ त्या फटींतून निघून जायची. फटी बंद झाल्या, वाफ आतच राहिली. आपल्या घरात वाफ जरा जास्तच असते, कुकरच्या शिट्ट्या, भात, आमटी, चहा दिवसातून चार वेळा, आणि हिवाळ्यात कपडे घरातच रॅडिएटरवर वाळतात. ती वाफ घरातली सगळ्यात थंड जागा शोधते, ती म्हणजे काच आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची मागची बाजू.

फटी परत उघडायच्या नाहीत. हवा जायला वाट द्यायची, पण आपण ठरवू तिथून आणि तेवढीच. बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा ओढली पाहिजे आणि शेगडीवरच्या हूडने ३० लिटर, इंग्लंडच्या बांधकाम नियमांत हे आकडे आहेत. तुमचा पंखा ओढतो का ते बघायला टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीवर धरा, चिकटून राहिला तर ठीक, पडला तर पंखा फक्त आवाज करतोय. मी बघितलेल्या बऱ्याच घरांत तो पडतो, मागे धूळ साचलेली असते किंवा नळी लॉफ्टमध्येच सुटून पडलेली, म्हणजे बाथरूमची सगळी वाफ छताच्या लाकडावर. हूड कुठे सोडलाय तेही बघा, जो हूड हवा गाळून परत खोलीतच सोडतो तो फोडणीचा वास थोडा कमी करेल, वाफ कमी करणार नाही. आतल्या दारांच्या खाली १० मिलिमीटर फट लागते, नवीन कार्पेट टाकल्यावर ती गेली असेल तर दार खालून तासून घ्या, हवेला खोलीतून पंख्यापर्यंत यायला तीच वाट आहे. खिडक्यांच्या वर छोट्या झडपा असतात, ट्रिकल व्हेंट, त्या बऱ्याच लोकांनी गार वारा येतो म्हणून टेपने बंद केलेल्या असतात, त्या उघडा. कुकर उतरल्यावर पंखा लगेच बंद करू नका, पंधरा मिनिटं चालू द्या. कपडे बाथरूममध्ये दार लावून, पंखा लावून वाळवा. मुलांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आणि घरात जुनी गॅस फायर किंवा लाकडाची शेगडी असेल, जी खोलीतलीच हवा घेऊन जळते, तर तिच्यासाठी भिंतीत कायमची जाळी ठेवलेली असते. ती बंद केली असेल तर हे वाचून झालं की आधी ती उघडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. अलार्म नसेल तर उद्या आणा, बीएस ईएन ५०२९१ (BS EN 50291) हा मानक क्रमांक छापलेला बघून घ्या.

प्रश्न (एक्सेटर): इकडे डेव्हनमध्ये रेडॉन या किरणोत्सारी वायूचं ऐकतो. जमीन सील केली तर तो घरात कोंडेल का?

उत्तर: रेडॉन खालच्या खडकातून येतो, म्हणून जमीन आणि पाइपांची भोकं नीट बंद करणं फायद्याचंच, पण नुसत्या सील करण्यावर भिस्त ठेवू नका. एअरब्रिक मोकळ्या असतील तर पोकळीतला वारा त्याला बाहेर नेतो, त्या बंद असतील तर तो साठून वर येतो. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये राहणाऱ्यांनी कामाच्या आधी आणि नंतर तीन महिन्यांचं मोजणीचं किट लावावं. घनमीटरला २०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) हा आकडा ओलांडला तर उपाय करायला हवेत असं इथलं आरोग्य खातं सांगतं.

प्रश्न (कॉव्हेंट्री): सिंकखाली पाइपाच्या भोकातून उंदीर येतात. फोम मारला, तो कुरतडून परत आले.

उत्तर: येणारच, नुसता फोम त्यांना पावासारखा. सहा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीएवढी फट लहान उंदराला पुरते. स्टीलची लोकर किंवा तांब्याची जाळी पाइपाभोवती घट्ट कोंबा, इतकी की बोटाने हलणार नाही, आणि वरून सीलंट. एअरब्रिकची जाळी तुटली असेल तर त्यावर बारीक स्टीलची जाळी बसवा, हवा जाईल अशी. वारा आणि उंदीर एकाच वेळी थांबतील.

प्रश्न (मँचेस्टर): मी विद्यार्थिनी आहे, चौघी मिळून भाड्याच्या घरात राहतो. घरमालक काही करत नाही. खर्च कमी आणि जाताना काढता येईल असं काही सांगाल का?

उत्तर: बाळ, भिंतीला किंवा जमिनीला कायमचं काही चिकटवू नकोस, डिपॉझिट अडकेल. दाराखाली कापडी नळी भरून ठेव, जुन्या ओढणीत चिंध्या भरल्या तरी चालतं. सिंकखाली पाइपांच्या भोकात मोजे गुंडाळून कोंब, पण त्या कपाटात बॉयलर असेल तर काहीच कोंबू नकोस. खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी लाव, ती निघते. जमिनीवर सतरंजी नाहीतर जाड चटई, पलंग बाहेरच्या भिंतीपासून थोडा लांब. आणि चौघींच्या सहीने घरमालकाला ईमेल पाठवा, कुठून वारा येतो त्याचे फोटो लावून, उदबत्तीचा धूर आडवा जाताना छोटा व्हिडिओ काढलात तर उत्तमच. बॉयलरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते आज रात्रीच बघ, इंग्लंडमध्ये २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत तो लावणं मालकाला सक्तीचं आहे. नसेल तर ईमेलची पहिली ओळ तीच असू दे.